अठराव्या जागेचं गणित

वाचकांचे प्रश्न : फुटबॉल

या वेळच्या पत्रांत जेतेपदापेक्षा तळाच्या झगड्याबद्दलच जास्त प्रश्न आले. बहुतेक प्रश्न इंग्लंडच्या प्रीमियर लीगबद्दल आहेत, म्हणून उत्तरंही मुख्यतः तिथलीच. तिथे 20 संघ असतात, प्रत्येकाचे 38 सामने होतात. विजयाला 3 गुण, बरोबरीला 1. हंगामाअखेर 18, 19 आणि 20व्या जागेवरचे तीन संघ खालच्या श्रेणीत, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये जातात.

प्रश्न : "40 गुण झाले की संघ वाचला" असं समालोचक नेहमी म्हणतात. हे खरं आहे का?

40 गुण झाले की संघ जवळजवळ नक्की वाचतो. पण वाचायला 40 लागतातच, हे खरं नाही. 18व्या संघापेक्षा एक गुण जास्त असला की पुरतं, त्यामुळे पाहायचे ते 18व्या संघाचे गुण. ते असे होते : 2018-19 मध्ये कार्डिफ 34, 2019-20 मध्ये बोर्नमथ 34, 2020-21 मध्ये फुलहॅम 28, 2021-22 मध्ये बर्नली 35, 2022-23 मध्ये लेस्टर 34, 2023-24 मध्ये ल्युटन 26 आणि 2024-25 मध्ये लेस्टर 25. या सात हंगामांत 36 गुण असलेला एकही संघ खाली गेला नाही. शेवटच्या दोन हंगामांत तर 27 गुणसुद्धा पुरले असते.

40 चा आकडा रुजला तो जुन्या हंगामांमुळे. 1996-97 मध्ये संडरलंड 40 गुणांवर खाली गेला, पुढच्याच वर्षी बोल्टन 40 वर गेला, आणि 2002-03 मध्ये वेस्ट हॅम तब्बल 42 गुण मिळवूनही घसरला. प्रीमियर लीगच्या 38 सामन्यांच्या हंगामात इतक्या गुणांवर खाली गेलेला दुसरा संघ नाही. त्यानंतर 2024-25 पर्यंत 40 गुण मिळवलेला एकही संघ घसरलेला नाही. सर्वांत जवळ आले ते 2010-11 मधले बर्मिंगहॅम आणि ब्लॅकपूल, दोघेही 39 गुणांवर. ब्लॅकपूलने त्या हंगामात 55 गोल केले होते, म्हणजे गोल करता येत नव्हते अशातला भाग नव्हता.

प्रशिक्षकाने खेळाडूंसमोर 40 चं लक्ष्य ठेवायला हरकत नाही. पण क्लबच्या कार्यालयात जो हिशेब मांडायचा, तो दर आठवड्याला 18व्या संघाकडे पाहूनच मांडावा. नाहीतर फेब्रुवारीत विनाकारण घबराट होते आणि चुकीचे निर्णय घेतले जातात.

प्रश्न : आमचा संघ 80व्या मिनिटाला 1-1 असताना मागे सरकून बसतो. एक गुण राखणं शहाणपणाचं की जिंकायला जाणं?

प्रतिस्पर्धी कोण आहे, यावर उत्तर बदलतं. तळाच्या संघांचे प्रशिक्षक सर्वांत जास्त चुकतात ते इथेच, म्हणून जरा सविस्तर.

विजयाला 3 गुण असल्यामुळे तीन बरोबऱ्या आणि एक विजय-दोन पराभव यांची किंमत सारखीच, तीन सामन्यांत 3 गुण. समजा, उरलेल्या दहा मिनिटांत बंदिस्त खेळलात तर बरोबरी नक्की, म्हणजे 1 गुण. पुढे सरसावलात तर जिंकण्याची शक्यता 20 टक्के, हरण्याची 30 टक्के आणि बरोबरीची 50 टक्के. विजयाचे सरासरी 0.6 आणि बरोबरीचे 0.5 मिळून 1.1 गुण होतात. म्हणजे हरण्याची भीती जिंकण्याच्या आशेपेक्षा दीडपट असूनही पुढे जाणं फायद्याचं. आक्रमणात बरोबरी सुटून विजय मिळाला तर 2 गुणांची कमाई होते, पराभव झाला तर 1 गुणाचंच नुकसान. म्हणून हरण्याची शक्यता जिंकण्याच्या दुपटीपेक्षा कमी असेल, तोवर जावं.

आता समोर तळातलाच संघ आहे असं धरा. इथे तुमच्या गुणांइतकंच दोघांमधलं अंतर महत्त्वाचं. बरोबरीत अंतर जिथल्या तिथे राहतं. जिंकलात तर 3 ने सुधारतं, हरलात तर 3 ने बिघडतं. विजय आणि पराभव यांत 6 गुणांचा फरक पडतो, म्हणूनच याला सहा गुणांचा सामना म्हणतात. वरच्याच शक्यता इथे लावल्या तर अंतर सरासरी 0.3 ने बिघडतं. अशा सामन्यात जिंकण्याची शक्यता हरण्यापेक्षा जास्त वाटली तरच पुढे जावं.

प्रत्यक्षात मात्र बरेच संघ उलटंच करतात. बलाढ्य संघाविरुद्ध 1-1 असताना जीव मुठीत धरून बसतात आणि आपल्याच ताकदीच्या संघाविरुद्ध चाहत्यांच्या दबावाखाली सगळे पुढे धावतात.

सहा गुणांचा सामना काय करू शकतो, याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण 2007-08 मधलं फुलहॅमचं. प्रशिक्षक रॉय हॉजसन यांच्या संघाने शेवटच्या पाचांपैकी चार सामने जिंकले. त्यात रेडिंगच्या मैदानावरचा 2-0 आणि बर्मिंगहॅमविरुद्धचा 2-0 हे विजय होते. शेवटच्या दिवशी पोर्ट्समथमध्ये डॅनी मर्फीच्या हेडरवर 1-0 ने जिंकून फुलहॅमचे 36 गुण झाले. रेडिंगचेही 36 च झाले. गुण समान, म्हणून गोलफरक (केलेले गोल वजा झालेले गोल) पाहिला : फुलहॅमचा उणे 22, रेडिंगचा उणे 25. रेडिंगमधला तो एक सामना गोलशून्य बरोबरीत सुटला असता, तर रेडिंग 37 वर आणि फुलहॅम 34 वर राहिला असता. बर्मिंगहॅम 35 गुणांवर खाली गेला. ज्या दोघांना फुलहॅमने एप्रिल-मे महिन्यात हरवलं, तेच दोघे त्याच्या जागी घसरले.

प्रश्न : 0-3 ने मागे पडल्यावर गोलफरक सांभाळण्यात काही अर्थ आहे का? हरणं ते हरणंच ना?

खूप अर्थ आहे. प्रीमियर लीगमध्ये गुण समान झाले की आधी गोलफरक, मग एकूण केलेले गोल पाहतात. 2006-07 च्या शेवटच्या दिवशी विगनने शेफील्ड युनायटेडला त्यांच्याच मैदानावर 2-1 ने हरवलं. दोघांचेही 38 गुण झाले. विगनचा गोलफरक उणे 22 होता आणि शेफील्डचा उणे 23. फक्त एका गोलाने शेफील्ड खाली गेला.

चांगला गोलफरक म्हणजे तळाच्या संघासाठी खिशातला जादा गुणच असतो, कारण प्रतिस्पर्ध्याला नुसतं बरोबरीला येऊन चालत नाही, एक गुण पुढे जावं लागतं. म्हणून 70व्या मिनिटाला 0-3 असेल तर थकलेल्या फुल-बॅकना (कडेच्या बचावपटूंना) बदलावं, मधल्या फळीत एक बचावात्मक खेळाडू वाढवावा, आणि मुख्य आघाडीपटूला पुढच्या सामन्यासाठी बाहेर काढावं. 2022-23 पासून पाच बदली खेळाडू उतरवता येतात, त्यामुळे हे सगळं एकाच सामन्यात जमतं. पहिल्या गोलानंतर पाच मिनिटांत दुसरा बसणं हा तळाच्या संघांचा जुनाच आजार आहे. रागाच्या भरात दोन्ही फुल-बॅक एकाच वेळी वर जातात आणि मागे दोन सेंटर-बॅक (मधले बचावपटू) उघडे पडतात.

प्रश्न : प्रशिक्षक बदलला की संघ सुधारतो असं दिसतं. मग लवकर का बदलत नाहीत?

दिसतं तेवढं सगळं बदलामुळे घडत नाही. प्रशिक्षकाला काढतात तेच मुळी संघाची कामगिरी सर्वांत खालावलेली असताना. त्या पाच-सहा पराभवांत खराब खेळाबरोबर खराब नशीब आणि अवघड सामन्यांची रांगही असते. ती रांग संपली की निकाल आपोआप थोडे सुधारतात आणि श्रेय नव्या माणसाला मिळतं.

वारंवार बदल तर हमखास घातक. वॉटफर्डने 2019-20 च्या एका हंगामात तीन प्रशिक्षक काढले, तिसरा फक्त दोन सामने उरले असताना, आणि तरीही संघ खाली गेला. साउथम्प्टनने 2022-23 मध्ये तीन प्रशिक्षकांखाली खेळून 25 गुणांवर तळ गाठला. उलट 2014-15 मध्ये लेस्टरचे 29 सामन्यांत 19 गुण होते आणि नायजेल पिअर्सन यांना क्लबने ठेवलं. त्यांनी तीन सेंटर-बॅकची रचना केली, जानेवारीनंतर उसनवारीवर आलेल्या रॉबर्ट हूथने बचावफळी बांधून धरली, आणि संघाने शेवटच्या नवांपैकी सात सामने जिंकून 41 गुण मिळवले. पुढच्या वर्षी याच क्लबने लीग जिंकली.

बदल करायचाच तर नोव्हेंबरपर्यंत करावा, म्हणजे जानेवारीतल्या खेळाडूंच्या खरेदीत नव्या प्रशिक्षकाचं मत लागतं. त्याने आल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत तीन कामं करावीत. एक, पहिले अकरा ठरवून त्यांना सलग चार-पाच सामने द्यावेत. दोन, बचावफळी आणि आघाडीपटू यांच्यातलं अंतर कमी करावं, म्हणजे मधल्या जागेत प्रतिस्पर्ध्याला वळायला वाव मिळत नाही. तीन, कॉर्नर आणि फ्री किकचा रोज सराव, दोन्ही बाजूंनी. चेंडू आपल्याकडे कमी असतो तेव्हा थांबलेल्या चेंडूवरची संधी हीच बहुतेक वेळा सामन्यातली सर्वांत चांगली संधी असते. नवी आक्रमण-पद्धत शिकवायला मात्र महिने लागतात. मार्चमध्ये तिच्या नादी लागू नये.

प्रश्न : ख्रिसमसला शेवटच्या जागेवर असलेला संघ वाचू शकतो का?

हो, पण क्वचित. प्रीमियर लीगमध्ये 2024-25 पर्यंत हे चारच संघांना जमलं : वेस्ट ब्रॉमविच अल्बियन (2004-05), संडरलंड (2013-14), लेस्टर (2014-15) आणि वुल्व्हज (2022-23). वेस्ट ब्रॉम फक्त 34 गुणांवर वाचला. त्या वर्षी शेवटच्या दिवसापर्यंत एकही संघ खाली गेलेला नव्हता. पोर्ट्समथला 2-0 ने हरवून वेस्ट ब्रॉम वर राहिला. क्रिस्टल पॅलेस आणि नॉरिच 33 वर, साउथम्प्टन 32 वर घसरले.

प्रश्न : सलग दोन वर्षं नव्याने वर आलेले तिन्ही संघ परत खाली गेले. कारण काय?

2023-24 मध्ये ल्युटन, बर्नली आणि शेफील्ड युनायटेड, 2024-25 मध्ये लेस्टर, इप्सविच आणि साउथम्प्टन. त्याआधी असं 1997-98 मध्ये झालं होतं. उलट 2001-02, 2011-12, 2017-18 आणि 2022-23 मध्ये तिन्ही नवे संघ टिकले, तेव्हा याला नियम म्हणता येणार नाही.

पैशांची दरी हे मोठं कारण आहेच. पण खेळातली एक चूकही पुन्हा पुन्हा दिसली. चॅम्पियनशिपमध्ये ज्यांच्याकडे बहुतांश वेळ चेंडू असतो, ते गोलरक्षकापासून छोटे पास देत खेळ उभा करायला शिकतात. वरच्या श्रेणीत त्यांच्यावर धावून येणारे खेळाडू जास्त वेगवान असतात, पास द्यायला वेळ कमी मिळतो, आणि स्वतःच्या गोलपासून 20 मीटरवर चेंडू गमावला की प्रतिस्पर्ध्याला थेट गोलची संधी मिळते. प्रशिक्षक व्हिन्सेंट कोम्पनी यांची बर्नली आणि रसेल मार्टिन यांचं साउथम्प्टन, दोघांनीही ही पद्धत वर आल्यावरही सोडली नाही. बर्नलीचे 24 गुण झाले. साउथम्प्टन 12 गुणांवर राहिला आणि सात सामने बाकी असतानाच खाली गेला. आपल्या शैलीवर निष्ठा असावी हे मान्य. पण गोलरक्षकाला लांब किक मारायची मुभा देणं म्हणजे निष्ठा सोडणं नव्हे.

शेफील्ड युनायटेडचं दुखणं वेगळं. वर येताच हंगामाच्या तोंडावर त्यांनी एनडियाये आणि बर्गे हे दोन महत्त्वाचे खेळाडू विकले. त्या हंगामात त्यांच्यावर 104 गोल झाले.

प्रश्न : जानेवारीत कोणता खेळाडू घ्यावा? सगळे आघाडीपटूच शोधतात.

आघाडीपटू जानेवारीत सर्वांत महाग असतो, आणि चांगला असेल तर त्याचा क्लब सोडतही नाही. त्यापेक्षा अनुभवी सेंटर-बॅक किंवा बचावात्मक मिडफिल्डर लवकर रुळतो, कारण त्याचं काम शब्दांत सांगता येतं. घेतलेला माणूस येत्या शनिवारी खेळायला तंदुरुस्त हवा. सहा महिने बाकावर बसलेल्याला लय सापडायला मार्च उजाडतो.

नियम आधी पाहावेत. नोंदणीकृत संघात 25 खेळाडू, त्यांत देशांतर्गत घडलेले नसलेले जास्तीत जास्त 17. 21 वर्षांखालचे या यादीबाहेर. प्रीमियर लीगमधल्याच क्लबांकडून उसने घेतलेले एका वेळी दोनच, आणि असा खेळाडू मूळ क्लबविरुद्ध उतरू शकत नाही. उरलेल्या सामन्यांत त्या मूळ क्लबशी गाठ आहे का, हे सही करण्याआधी तपासावं.

प्रश्न : गुणकपातीमुळे कोणी खाली गेलं आहे का?

मिडल्सब्रो, 1996-97. आजारी आणि जखमी खेळाडूंचं कारण देऊन त्यांनी ब्लॅकबर्नविरुद्धचा सामना ठरल्या दिवशी खेळला नाही, त्याबद्दल 3 गुण कापले गेले. 42 चे 39 झाले आणि 41 गुणांचा कोव्हेंट्री वाचला. पोर्ट्समथचे 2009-10 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेल्यामुळे 9 गुण गेले, पण ते गुण असते तरी संघ वाचला नसता.

अलीकडची कपात झाली ती क्लबने ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त तोटा केल्यामुळे. तीन वर्षांत 105 दशलक्ष पौंड ही कमाल मर्यादा होती. 2023-24 मध्ये एव्हर्टनचे आधी 10 गुण कापले, अपिलानंतर ते 6 झाले, मग आणखी 2 गेले. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे 4 गेले. दोघेही वाचले, कारण त्या वर्षी 18वा संघ 26 वरच थांबला. आदल्या वर्षी एव्हर्टन 36 गुणांनी वाचला होता. तेव्हा 8 गुण गेले असते, तर काय झालं असतं ते उघड आहे.

प्रश्न : शेवटच्या दिवशी सगळे सामने एकाच वेळी का?

दुसरीकडचा निकाल आधी कळला तर संघ त्यानुसार खेळतात, आणि दोघांनाही सोयीचा निकाल असेल तर सामना खेळलाच जात नाही. 1982 च्या विश्वचषकात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांनी हिहोनमध्ये तेच केलं होतं.

मात्र एकाच वेळी खेळतानाही माहिती अचूक लागते. 1995-96 च्या शेवटच्या दिवशी मँचेस्टर सिटी लिव्हरपूलशी 2-2 अशा बरोबरीत होता. दुसरीकडचे निकाल अनुकूल आहेत, बरोबरी पुरेल असा चुकीचा निरोप मैदानात गेला आणि सिटीचे खेळाडू चेंडू कोपऱ्यात नेऊन वेळ काढू लागले. प्रत्यक्षात विजय हवा होता. सिटी 38 गुणांवर गोलफरकाने खाली गेला; साउथम्प्टन आणि कोव्हेंट्रीचेही 38 च होते. म्हणून बाकावर एकाच माणसावर निकालांची जबाबदारी द्यावी, त्याने दोन ठिकाणांहून खात्री करावी आणि फक्त प्रशिक्षकालाच सांगावं. स्टँडमधल्या आरोळ्यांवर कुणी खेळू नये.

प्रश्न : इतर देशांत हेच नियम आहेत का?

नाहीत. जर्मनीत 18 संघ. शेवटचे दोन थेट खाली, 16वा संघ दुसऱ्या श्रेणीतल्या तिसऱ्याशी दोन सामने खेळतो. हॅम्बुर्ग 2014 आणि 2015 मध्ये या मार्गाने वाचला आणि 2018 मध्ये पहिल्यांदा घसरला. स्पेनमध्ये गुण समान झाले की आधी आपसांतले निकाल पाहतात, त्यामुळे तिथे सहा गुणांच्या सामन्याचं वजन आणखी वाढतं. इटलीत 17वा आणि 18वा समान गुणांवर आले की एक निर्णायक सामना होतो. 2023 मध्ये व्हेरोनाने स्पेझियाला असंच 3-1 ने खाली धाडलं.

प्रश्न : खाली गेल्यावर क्लब सावरतो कसा?

घसरणाऱ्या क्लबला प्रक्षेपणाच्या उत्पन्नातल्या समान वाट्याचा काही भाग मिळत राहतो : पहिल्या वर्षी 55 टक्के, दुसऱ्या वर्षी 45, तिसऱ्या वर्षी 20. एकच हंगाम वर राहिलेल्याला दोनच वर्षं. हे पैसे पुरतील की नाही, हे आधीच्या करारांवर ठरतं. खाली गेल्यास पगार आपोआप कमी होईल असं कलम प्रत्येक करारात असेल तर संघ टिकवता येतो. नसेल तर पहिल्या उन्हाळ्यात चांगले खेळाडू पडेल किमतीत जातात आणि महागडे, नको असलेले मागे उरतात. संडरलंड 2017 आणि 2018 मध्ये, ल्युटन 2024 आणि 2025 मध्ये सलग दोन पायऱ्या खाली आले. संडरलंडला वर यायला 2025 उजाडलं.

प्रश्न : माझ्या संघाचे आठ सामने उरलेत. वाचण्याचा हिशेब घरी कसा मांडू?

18व्या संघाचे गुण त्याच्या सामन्यांनी भागा. समजा 30 सामन्यांत 24, म्हणजे सामन्याला 0.8. उरलेल्या आठ सामन्यांचे 6.4 धरले तर तो 30 किंवा 31 वर संपेल. त्यावर 3 गुणांची गादी ठेवा, कारण घाबरलेले संघ शेवटी जास्त गुण काढतात. तुमचं लक्ष्य 34. तुमचे 27 असतील तर आठ सामन्यांत 7 हवेत : एक विजय आणि चार बरोबऱ्या, किंवा दोन विजय आणि एक बरोबरी.

मग 15व्या जागेपासून खालच्या सगळ्या संघांचे उरलेले सामने एका कागदावर लिहा आणि त्यांच्या आपसांतल्या सामन्यांना खूण करा. अशा सामन्यात दोघांना मिळून जास्तीत जास्त 3 गुण मिळतात, दोघेही एकदम तीन-तीन गुणांनी पुढे जाऊ शकत नाहीत. दोन प्रतिस्पर्धी एकमेकांशी खेळत असतील तर तुमच्यासाठी बहुधा बरोबरी सर्वांत चांगली, कारण मग एकूण 2 च गुण वाटले जातात. गोलफरक शेजारच्या रकान्यात लिहा. तो प्रतिस्पर्ध्यापेक्षा पाच-सहाने चांगला असेल तर समान गुणही पुरतात असं धरायला हरकत नाही.

शेवटचा रकाना पिवळ्या कार्डांचा. 32व्या सामन्यापर्यंत दहावं कार्ड पडलं तर खेळाडू दोन सामने बाहेर बसतो. त्यानंतर ही टांगती तलवार जाते. 30 सामने झाले असतील आणि तुमच्या बचावात्मक मिडफिल्डरची नऊ कार्डं असतील, तर पुढच्या दोन सामन्यांपैकी सोपा कोणता आणि त्यात त्याला विश्रांती देता येईल का, ते आत्ताच पाहून ठेवा.